जठराचा कर्करोग आणि आपला कोरा रकाना

अमेरिकेत नव्या डॉक्टरांकडे गेले की कुटुंबातील आजारांचा तक्ता भरून द्यावा लागतो. आपल्यापैकी अनेकांचे रकाने तेथे कोरेच राहतात. आजोबा ‘पोटाच्या दुखण्याने’ गेले, आजी ‘खंगून’ गेली, एवढेच घरात ठाऊक असते. ज्या वस्तीपर्यंत डॉक्टरच पोहोचला नाही, तेथे मृत्यूचे कारण कोण लिहून ठेवणार? जठराच्या कर्करोगाचा विचार करताना हा कोरा रकाना आम्हांस अस्वस्थ करतो.

या रोगात रुग्ण किती काळ जगेल, हे प्रामुख्याने निदान किती लवकर झाले यावर ठरते. तथापि जनुकांचाही त्यात वाटा आहे. काही बदल केवळ गाठीतील पेशींत घडतात. २०१४ साली अमेरिकेतील ‘कॅन्सर जीनोम ॲटलास’ प्रकल्पाने जठराच्या २९५ गाठी तपासून त्यांचे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी एका प्रकारात डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणाच बिघडलेली असते. शस्त्रक्रिया शक्य असेल तर असे रुग्ण सरासरीने अधिक जगतात. अशा बिघाडाच्या पुढे गेलेल्या गाठींसाठी, त्या कोणत्याही अवयवात असोत, २०१७ साली येथे पेम्ब्रोलिझुमॅब या औषधास मान्यता मिळाली.

काही भिन्नता मात्र आईवडिलांकडून येते. या रोगाच्या केमोथेरपीत फ्लुरोयुरॅसिल सर्रास वापरतात. शरीरात त्याचा निचरा करण्याचे काम ‘डीपीवायडी’ जनुकावर अवलंबून असते. त्यात दोष असल्यास नेहमीची मात्राही जिवावर बेतू शकते. उपचारापूर्वी ही चाचणी होते काय, हे प्रत्येक रुग्णाने विचारलेच पाहिजे. परंतु या चाचणीत शोधले जाणारे ठरावीक बदल मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासातून निवडलेले आहेत. ‘दोष आढळला नाही’ हा शेरा आपल्यासाठी पूर्ण हमी ठरत नाही. जी विदा प्रणालीला कधी दाखवलीच नाही, तिच्याविषयी ती किती आत्मविश्वासाने चुकते, हे संगणकावर पोट भरणाऱ्या आपणांस कोणी सांगावे? त्यातच येथील आकडेवारी आपणांस जपानी व कोरियन लोकांसह ‘एशियन’ या एकाच चौकटीत बसवते. त्यांच्या देशांत हा रोग भारताहून कितीतरी अधिक आढळतो.

न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या ऐन तारुण्यात या रोगाने दगावत होती. कुटुंबीयांनी आपली वंशावळ मांडली आणि ते स्वतःहून शास्त्रज्ञांकडे गेले. १९९८ साली ‘नेचर’मध्ये ‘सीडीएच१’ जनुकातील दोष प्रसिद्ध झाला. आज हा दोष असलेले कित्येक जण रोग होण्यापूर्वीच जठर काढून घेतात आणि जगतात. जगाला हे ज्ञान एका मूलनिवासी कुटुंबाच्या आठवणींतून मिळाले, याचे आम्हांस फार अप्रूप वाटते.

जनुकांची भाषा सुरू झाली की जन्मजात श्रेष्ठत्व सांगणारे पुन्हा डोके वर काढतील, ही शंका रास्त आहे. पण १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये बाबासाहेबांनी नाकाडोक्याच्या मोजमापांचीच आकडेवारी हाती घेऊन अस्पृश्य वेगळ्या वंशाचे असल्याचे मत खोडून काढले होते. मग आपण आकड्यांपासून दूर का राहावे? गावाकडच्या वडीलधाऱ्यांना आताच विचारावे: कोण कशाने गेले, किती वयात, कोणत्या दवाखान्याचे कागद कोणाच्या पेटीत आहेत. हे सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

आनुवंशिक चाचणीपूर्वी कायदाही पाहावा. २००८ च्या ‘जिना’ कायद्यानुसार आरोग्यविमा कंपनीस किंवा पंधरा व त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकास जनुकीय माहितीवरून भेदभाव करता येत नाही. आयुर्विमा, अपंगत्वविमा व दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा मात्र त्याच्या कक्षेबाहेर आहेत. ज्यांना कोणतेही लक्षण नाही, त्यांनी हे विमे आधी उतरवावेत आणि मग चाचणी करून घ्यावी. ज्यांना लक्षणे आहेत, त्यांनी विम्यासाठी एक दिवसही थांबू नये.