याला घर सावरणे म्हणावे काय?

तैवानचे दिग्दर्शक चुंग मंग-हाँग यांचा ‘अ सन’ हा २०१९ सालचा चित्रपट. त्याच वर्षी गोल्डन हॉर्स पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट ठरला आणि २०२० च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर आल्यानंतर आमच्या परिचयाच्या अनेक कुटुंबांतही तो पाहिला गेला. चित्रपटाच्या गुणवत्तेविषयी आमचा वाद नाही. आमचा वाद आहे तो पाहणाऱ्यांशी. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य ऐकू येते: ‘शेवटी बाप तो बापच! मोडलेले घर त्याने सावरले.’

कोणते घर, आणि कसे सावरले, हे आधी पाहू. आ-वन हा मोटार चालविण्याचे शिक्षण देणारा गृहस्थ. धाकटा मुलगा आ-हो याला एका मुलाला धाक दाखवावयाचा असतो. सोबतीला तो ‘मुळा’ या टोपणनावाचा मित्र नेतो, आणि मुळा त्या मुलाचा हात मनगटापासून तोडतो. (हे पहिलेच दृश्य पाहून काहींनी चित्रपट बंद केला, असे कळते. त्यांना आम्ही दोष देत नाही.) न्यायालयात बाप सांगतो की, या पोराला आतच ठेवा. कोणी विचारले तर तो म्हणतो, मला एकच मुलगा आहे. तो एकच म्हणजे थोरला आ-हाव. देखणा, शांत, वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीत गुंतलेला. एके रात्री हा थोरला इमारतीवरून उडी घेऊन जीवन संपवतो. पुढे आ-हो सुटून येतो, मोटारी धुण्याचे व रात्रपाळीचे काम धरतो. बाप मात्र त्याच्याबरोबर एका छपराखाली राहावयास नको म्हणून घर सोडून शाळेतच मुक्काम हलवतो. मग मुळा सुटून येतो, आ-होला पैशांसाठी छळतो, गुन्ह्यांत ओढतो. आणि एका रात्री बाप आपली गाडी मुळ्याच्या अंगावर घालून त्याला ठार करतो.

यालाच आपली मंडळी पितृप्रेम म्हणतात!

उधळ्या पुत्राचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या दाखल्यातला बाप वाटेकडे डोळे लावून बसतो आणि मुलगा दूर असतानाच धावत जातो. आ-वन धावत गेला नाही. मुलगा कोठडीत असताना त्याला ना भेट, ना शब्द.  जे प्रेम एका भेटीने, एका ताटाने व्यक्त झाले असते ते इतकी वर्षे कोंडून ठेवले, आणि अखेर ते कोणाच्या तरी प्रेतावर उभे केले. प्रेक्षक या विलंबाबद्दल बापाला जाब विचारत नाहीत. उलट डोळे पुसतात.

आणि मुळा? त्याच्यासाठी रडलेला एकही प्रेक्षक आम्हांस भेटला नाही. तो खलपुरुष आहे, हे मान्य. पण भांडण आ-होचे होते, बोलावणे आ-होचे होते, आणि मुळ्याने त्याच्याहून अधिक काळ कोठडीत काढला. बाहेर आल्यावर त्याच्यासाठी ना घर उघडे होते, ना काम. चित्रपटाच्या चिनी नावाचा अर्थ ‘सूर्यप्रकाश सर्वांवर सारखाच’ असा आहे. डोंगरावरील प्रवचन ज्यांच्या कानांवरून गेले आहे त्यांना हे नाव ओळखीचे वाटावे. मग तो सूर्य मुळ्याच्या डोक्यावर कधी नव्हताच, असे आपण कोणत्या अधिकाराने ठरवतो?

दिग्दर्शकाने आपल्याला सावध केलेले आहे, ही यातली खेदाची बाब. बाप आपल्या कृत्याची कबुली डोंगरावर पत्नीजवळ देतो. ती कृतज्ञ होत नाही. ती कोसळून आक्रोश करते. त्या आक्रोशात दिलासा कोणी ऐकला असेल तर तो त्याने आपल्या पदरचा ऐकला.

दुसरा आक्षेप असा की, थोरल्याच्या मृत्यूला ‘काही कारणच दाखवलेले नाही.’ हा आक्षेप आम्हांस अधिक गंभीर वाटतो, कारण तो आईबापांच्या तोंडून येतो. कारण दाखवलेले आहे. ते मोठ्याने सांगितलेले नाही, इतकेच. बाप दरवर्षी आपल्या शाळेची वही थोरल्याला देतो. वेळ साधा, आपला मार्ग ठरवा, अशा आशयाचे बोधवाक्य तिच्यावर छापलेले. मुलाच्या मृत्यूनंतर त्या वह्या कोऱ्याच्या कोऱ्या निघतात. हा मुलगा एका मैत्रिणीला सांगतो की, कडक उन्हात प्राणीसुद्धा सावलीचा आडोसा शोधतात, आपल्याला मात्र लपायला सावली नाही. चोवीस तास उजेडच उजेड. ज्या घरात एक मुलगा अंधार ठरवून बाजूला काढला जातो, त्या घरात दुसऱ्याला अखंड उजेड होऊन राहावे लागते. त्याने कधी चिडू नये, थकू नये, नापास होऊ नये. अशी कोरी वही आपल्या घरातील एखाद्या शहाण्या मुलाच्या कपाटात नाही ना, हे ‘कारण कोठे आहे’ म्हणून विचारणाऱ्यांनी कपाट उघडून पाहावे.

या घरात कोणी काही सावरले असेल तर ते आईने. स्त्रियांची केशरचना करून ती मिळवते. आ-होपासून गरोदर राहिलेली पंधरा वर्षांची मुलगी दाराशी आणली जाते तेव्हा ती तिला घरात घेते, आपले काम शिकवते, कोठडीतच दोघांचे लग्न लावून देते. या कामाला ना रक्त लागले, ना पार्श्वसंगीत. म्हणूनच बहुधा ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. पुरुष अभिनेत्याचा पुरस्कार बापाची भूमिका करणाऱ्या चन यी-वन यांना मिळाला, आणि तो योग्यच होता. परंतु अभिनयाला दिलेली दाद म्हणजे त्या पात्राच्या कृत्याला दिलेली पावती नव्हे.

राहता राहिले शेवटचे दृश्य, ज्याला सगळे ‘किती प्रसन्न’ म्हणतात. आ-हो आईला सायकलवर बसवून फिरवतो. पानांतून ऊन तिच्या चेहऱ्यावर पडते आणि ती वर पाहते. प्रसन्न आहे खरे. फक्त ती सायकल त्याने नुकतीच कुलूप तोडून घेतलेली आहे, आणि ती कोणाची, हे आमच्याशी बोललेल्यांपैकी एकानेही विचारले नाही.