वाट राखणारे हात

वाट काढणाऱ्याचे नाव राहते. ती राखणाऱ्याची आठवण क्वचितच कोणी ठेवतो. अमेरिकेतील जॉर्जियापासून मेनपर्यंत गेलेली सुमारे ३५०० किलोमीटरांची अ‍ॅपलेशियन पायवाट पाहा. बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली. १९३७ मध्ये ती अखंड झाली. मायरन एव्हरी यांनी सायकलचे चाक ढकलीत ती मोजली. परंतु माती धुपते, वळण बदलावे लागते, तसे अंतरही बदलते. म्हणून आजही स्वयंसेवक तिची मोजणी करतात, पडलेली झाडे कापतात, पाण्याला चर काढून देतात, खोडांवरील पांढरे पट्टे पुन्हा रंगवितात. हे थांबले, तर काही वर्षांतच रान वाट गिळून टाकील. विद्यार्थिमित्रहो, आरंभाच्या उत्साहाइतकाच मान या नित्याच्या, अनामिक श्रमालाही द्यावयास हवा.