उसने सूर किती दिवस?

युवकांच्या गायनवृंदाला आम्ही देतो काय? ध्वनिमुद्रित साथ, घोकलेल्या चाली आणि सणाच्या आदल्या रात्रीची घाईची तालीम! वर ‘मुले टिकत नाहीत’ ही तक्रारही आमचीच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत स्थानिक संगीतपरंपरेला योग्य स्थान देण्यास सांगितले. त्याच्या कितीतरी आधी, १६१६ साली छापलेले फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत अवतरले होते. इंग्लंडहून आलेल्या धर्मगुरूला जे साधले, ते आमच्या मुलांना अशक्य कसे?

वृंदप्रमुखाने स्तोत्राचे शब्द मुलांपुढे ठेवावेत. चाल त्यांना शोधू द्यावी. ती चुकेल, पुन्हा बांधली जाईल. धर्मगुरूंनी ती पारखून घ्यावी. येत्या आगमनकाळात एक तरी चाल आमच्याच मुलांची असावी, एवढाच आमचा आग्रह आहे.