वेगाची जागा आणि जपणुकीची जागा

शहापूरच्या भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्याच पाड्यांवर टँकर फिरतात. आपल्या कागदांचं तसं होऊ नये. सातबारे, शाळेचे दाखले, निकाहनामे स्कॅन करून घरच्याच सर्व्हरवर असावेत, हे माझं मत कायम आहे.

अनरेड वापरणाऱ्यांना एक सांगणं. स्कॅन हार्ड डिस्कवर राहू द्या. अ‍ॅप्सचा डेटा, म्हणजे ‘अ‍ॅपडेटा’, एसएसडी कॅशवर हलवा. फिरत्या डिस्कला बारीकशी नोंद शोधायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात; एसएसडीला त्याचा शंभरावा भाग पुरतो. आधी डॉकर बंद करा, कारण उघड्या फायली ‘मूव्हर’ हलवत नाही.

पण वेग म्हणजे सुरक्षितता नव्हे. कॅशला हार्ड डिस्कसारखं पॅरिटीचं संरक्षण नसतं. एकुलता एसएसडी गेला, तर कागद उरतील, पण कोणता कागद कोणाचा ही अनुक्रमणिका जाईल. मुरबाड-शहापूरकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून यूपीएस लावा, रोज रात्री अ‍ॅपडेटाची प्रत हार्ड डिस्कवर घ्या आणि सगळ्याची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. मूळ कागद मात्र पेटीतच राहू द्या.