आजींना खेळात घ्या



सूर्यास्ताआधी जेवणं आटोपली की आमच्या घाटकोपरच्या घरी लेक मोबाईलवर वर्डल उघडते. पाच इंग्रजी अक्षरांचा शब्द, सहा प्रयत्न. सासूबाईंनी डोकावलं तर म्हणते, "आजी, तुला नाही कळणार." मला ते टोचलं.

जोश वॉर्डल यांनी हा खेळ जोडीदार पलक शाह यांच्यासाठी बनवला. सुमारे १२,००० शब्दांतून ओळखीचे साधारण २,५०० पलक यांनीच निवडले. म्हणजे मुळात घरच्याच माणसासाठी!

परवा मीच कोडं घातलं: "इंग्रजी कोशातला पाच अक्षरी शब्द, र पासून सुरू, दह्याचा पदार्थ." लेक अडली. सासूबाई चटकन म्हणाल्या, "रायता!"

मुलांना इंग्रजी जरूर येऊ द्या. पण कोडं मराठीत घाला. घरातलं मोठं माणूस खेळाबाहेर नको.