संकरित गोऱ्ह्याचे काय?

संकरित गाय हे माणसाने घडवलेले दुधाचे यंत्र आहे, तेव्हा तिच्याबाबत नीतीचा प्रश्न उद्भवत नाही, हा युक्तिवाद टिकत नाही. ठरवून जन्माला घातलेल्या जिवाची जबाबदारी उलट वाढते.

पुणे जिल्ह्यात गाईंच्या संकराचे काम जुने आहे. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळी कांचन येथे ‘बाएफ’ या संस्थेची स्थापना केली. गोठवलेल्या रेतमात्रा आणि शेतकऱ्याच्या दारात कृत्रिम रेतन, यांमुळे होल्स्टिन व जर्सी संकरित गाई गावोगाव पोहोचल्या. दूध वाढले, घरखर्चाला आधार मिळाला, हे निर्विवाद.

प्रश्न उरतो तो गोऱ्ह्याचा. कालवड झाली तर तिला चीक पाजून जपतात. पण संकरित गोऱ्ह्याचे वशिंड आखूड, त्यामुळे जू नीट बसत नाही. उन्हात तो लवकर धापा टाकतो. ट्रॅक्टर आल्यावर त्याची गरजही सरली. राज्यात 2015 पासून गोवंश हत्याबंदी लागू असल्याने त्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण. मग तो मोकळा सोडला जातो; पण उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र 10 ते 50 रुपये.

लिंगविनिश्चित रेतमात्रेमुळे सुमारे 90 टक्के कालवडी जन्मतात. ही मात्रा स्वस्तात सर्वत्र मिळावी आणि जन्मलेल्या गोऱ्ह्याच्या चाऱ्याचा वाटा दुधाच्या दरात धरला जावा. जन्म ठरवणाऱ्यांनीच दावणीचा खर्चही उचलायला हवा.

– एक वाचक, पुणे