अडखळलेल्यांची बाजू

'स्कँडल' हा शब्द आपण रोज ऐकतो आणि डोळ्यांसमोर येतो तो तोंड लपवणारा आरोपी. शब्दाच्या मुळाशी मात्र तो नाहीच.

ग्रीक भाषेत 'स्कान्दालॉन' म्हणजे सापळ्यातली आमिष लावायची काडी. जनावराचा धक्का लागला की काडी निसटते, सापळा मिटतो. हिब्रू धर्मग्रंथांचं ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी हाच शब्द वाटेत ठेच लागेल अशा अडथळ्यासाठीही योजला. पुढे तो नव्या करारात आला. मराठी बायबलमध्ये तिथे 'अडखळण' आहे, आणि ते फार नेमकं आहे. (अभ्यासक या शब्दाचं नातं उडी मारणं या अर्थाच्या प्राचीन धातूशी जोडतात, आपला संस्कृत 'स्कन्द्' त्याच कुळातला.) लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत स्थिरावता स्थिरावता अर्थ सरकला आणि बेअब्रू, बोभाटा एवढाच उरला. निंदानालस्तीसाठीचा 'स्लँडर' हाही याच मुळाचा.

या प्रवासात पडणारा माणूस दिसेनासा झाला, हे मला खटकतं. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांवर प्रेम केलं, तर वाहिन्या त्यालाही स्कँडल म्हणतात. तिथे कोण सापळ्यात सापडलं? कुणीच नाही. ती त्यांची खासगी गोष्ट आहे, तिची बातमी करू नये.

आणि जिथे माणसं खरंच सापळ्यात सापडतात, तिथेही ती नजरेआडच राहतात. मुंध्रा प्रकरण आठवा. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण १९५६ मधलं. पुढच्याच वर्षी आयुर्विमा महामंडळानं उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांच्या शेअरांत सुमारे सव्वा कोटी रुपये घातले, तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीला बाजूला ठेवून. खासदार फिरोज गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी लोकांसमोर उघड चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं. प्रकरणाला नाव मुंध्रांचं पडलं, राजीनामा मंत्र्यांचा लक्षात राहिला. हप्ता भरणाऱ्या कारकुनाचा, शिक्षकाचा तो पैसा होता, त्यांच्या नावानं मात्र काहीच ओळखलं जात नाही.

पीएमसी बँकेचंही तेच. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येणार होते. मर्यादा नंतर वाढली, पण मुंबईतल्या शाखांसमोर रडणारे निवृत्त लोक आपण पाहिले. बातम्या लवकरच बँकेचं कर्ज थकवणाऱ्या बिल्डरच्या गाड्या आणि विमानाकडे वळल्या. २०२२ मध्ये बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवींची परतफेड टप्प्याटप्प्यानं, दहा वर्षांपर्यंत लांबवलेली आहे. ते वेळापत्रक वर्तमानपत्रांनी आरोपपत्राइतक्याच ठळकपणे छापावं, आणि हप्ता चुकला तर पहिल्या पानावर.